नन्नाचा पाढा

डोळ्यांचे डॉक्टर लोकांना चष्मा देतात. पोलंडच्या डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ साली जगाला अख्खी भाषाच देऊन टाकली : एस्पेरांतो. तिचं व्याकरण सोळा नियमांचं. आमच्या बँकेत नुसत्या रजेच्या अर्जाला याहून जास्त नियम आहेत!

त्यातलं क्रियाविशेषण तर मला फारच आवडलं. शब्दाच्या शेवटी 'ए' लावा, काम फत्ते. 'नोक्ते' म्हणजे रात्री, 'त्राय्ने' म्हणजे आगगाडीने, 'बुशे' म्हणजे तोंडी, 'स्क्रिबे' म्हणजे लेखी. (या शेवटच्या दोहोंत केवढं अंतर असतं ते कुठल्याही जामीनदाराला विचारा.) 'हेय्मे' म्हणजे घरी. त्यालाच 'न' जोडला की 'हेय्मेन', म्हणजे घराकडे. आपण मराठी माणसं घरी असतो आणि जातोही घरीच. पण साडेपाचला बसच्या रांगेत उभ्या असलेल्या कारकुनाची अवस्था या एका 'न'ने जशी पकडली आहे, तशी आपल्या सप्तमीला साधलेली नाही.

हाच 'न' कर्मालाही लागतो. 'मी लेगास लिब्रोन', मी पुस्तक वाचतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना याचा भारी जाच होतो, कारण त्यांच्या नामांना कर्माचा प्रत्ययच नाही. आपण कशाला घाबरावं? 'बाळूला मारतो' आणि 'पुण्याला जातो' यांत एकच 'ला' कर्म आणि दिशा दोन्ही खाती सांभाळतो. शिवाय शब्द कसेही फिरवा, कुत्रा डॉक्टरला चावला की डॉक्टर कुत्र्याला, हे प्रत्ययावरून कळतंच.

माझी तक्रार आहे ती विशेषणाबद्दल. 'सुंदर लाल फुलं पाहतो' हे एस्पेरांतोत 'मी विदास बेलाय्न रुजाय्न फ्लोरोय्न'. एका फुलापायी तीन 'न'! आपण 'चांगल्या मुलांना' म्हणतो, 'चांगल्यांना मुलांना' म्हणत नाही. चलन एकच, मग प्रत्येक कागदावर शिक्का कशाला?

खुद्द डॉक्टरांनाही हे पटलं असावं. १८९४ साली त्यांनी कर्माचा 'न' आणि विशेषणांची ही वरात, दोन्ही काढून टाकण्याची सूचना मांडली. त्यांच्या मासिकाच्या वर्गणीदारांनी मतं दिली. बहुमत पडलं, 'काहीही बदलू नका!' भाषेच्या जन्मदात्यालाच तिच्या घरात मत राहिलं नाही. पुढे १९०७ साली काही मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी 'इदो' नावाची सुधारलेली भाषा काढली. तीत विशेषणाची सुटका झाली. 'न' मात्र उरला, पण कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच लावायचा.