शिकारीच्या हिशेबातील रिकामे रकाने

जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे. गोल्डस्मिडने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात (१८८०) शिकारीचा हिशेब आहे : १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने व त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारले, २२ जखमी केले. जखमींचा आकडा वेगळा दिला, हे चांगले. पण या बेरजेसाठी किती दिवस, किती रान धुंडाळले, हे आकड्यांवरून कळत नाही. दोन दिवसांत दहा वाघ आणि दोन महिन्यांत दहा वाघ यांचा अर्थ एकच नव्हे. म्हणून ही यादी शिकाऱ्याविषयी बरेच सांगते, वाघांविषयी थोडे. विद्यार्थी पक्षी मोजतील तेव्हा संख्येशेजारी वेळ आणि ठिकाणही लिहून घ्यावे, ते याचसाठी.