उप्सालाची दोन वर्षे : एका हस्तलिखिताच्या निमित्ताने

आमच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याने गेल्या दिवाळीच्या सुटीत एक हस्तलिखित आमच्या हाती ठेवले. हा मुलगा २०२२ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या जूनपर्यंत स्वीडन देशातील उप्साला येथील विद्यापीठात जलविज्ञानाच्या अभ्यासासाठी राहिला होता. त्या दोन वर्षांत जे पाहिले, जे सोसले आणि जिकडे जिकडे तो हिंडला, त्याची ही दोनशेंवर पृष्ठे आहेत. आमच्या अकादमीच्या प्रकाशन समितीने हस्तलिखित वाचले, आणि सभासदांमध्ये मतभेद झाला. कोपनहेगन, ऑस्लो आणि बर्गेन या नगरांची प्रकरणे सुरस असून ती प्रथम छापावीत. वसतिगृहातील स्वयंपाकघर, कपडे धुण्याच्या पाळ्या इत्यादी क्षुल्लक मजकूर वगळावा, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. ते समितीत दोन वाक्यांत मांडता येण्याजोगे नव्हते, म्हणून येथे सविस्तर मांडीत आहो.

प्रवासवर्णन हा प्रकार मराठीला नवा नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो वाचला जात आहे. गोडसे भटजी काही प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास निघाले नव्हते. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळविण्यास निघालेला हा ब्राह्मण १८५७ च्या धामधुमीत सापडला, आणि त्या गृहस्थास आपल्या पोटाची व जिवाची काळजी होती म्हणूनच त्याच्या दृष्टीला एवढे दिसले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये विद्यार्जनासाठी इंग्लंडास गेल्या, तेथून पुढे अमेरिकेस. आणि १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात नायगाऱ्याच्या तुषारांपेक्षा शाळा, स्त्रियांच्या संस्था आणि कायदे यांच्याकडे त्यांचे लक्ष अधिक आहे. सहल करणारा मनुष्य नावीन्य ओसरण्याच्या आत घरी परततो. विद्यार्थ्यास ती सोय नाही. नावीन्य ओसरल्यानंतरही त्याला तेथेच राहावे लागते, परीक्षा द्यावी लागते, सदरे धुवावे लागतात. त्याच्या लेखनाचे मोल, असलेच तर, या राहण्यात आहे.

प्रथम दोष सांगतो. कारण त्यात आमचाही वाटा आहे. कोपनहेगनच्या प्रकरणात चार पानांत आठ स्थळे येतात. प्रत्येक स्थळी लेखकाच्या ‘डोळ्यांचे पारणे फिटते’. आम्ही मोजले, संपूर्ण हस्तलिखितात ते सात वेळा फिटते. समुद्रकाठच्या सुप्रसिद्ध जलपरीच्या पुतळ्याला तो ‘भव्य’ म्हणतो. एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराची ही ब्राँझची मूर्ती १९१३ मध्ये बसविली गेली. ती जेमतेम सव्वा मीटर उंचीची, म्हणजे आमच्या पाचवीतील मुलाहूनही बुटकी आहे. ती पाहावयास जाणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ‘एवढीशीच?’ अशी असते, हे सर्वश्रुत आहे. आमच्या विद्यार्थ्यालाही ती एवढीशीच दिसली असणार. मग त्याने भव्य कां लिहिले? याचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. नववीच्या वर्गात ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ हा निबंध आम्हीच त्याच्याकडून लिहवून घेतला होता; पारणे फेडण्यास आम्हीच शिकविले होते, आणि त्याबद्दल गुणही दिले होते. डोळ्यांनी एक पाहिले आणि शिकविलेल्या भाषेने दुसरेच लिहविले. ऑस्लो आणि बर्गेनविषयी वेगळे सांगावयास नको. ही तीन प्रकरणे सहलीला न जाताही लिहिता आली असती.

उप्सालात तो परत आला की लेखणी सुधारते. १४७७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ, शहराच्या मध्यातून वाहणारी फ्यूरिस नदी, जवळजवळ एकशे एकोणीस मीटर उंचीचे महामंदिर, त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याची समाधी, हे सारे तो एका पानात आटोपतो. आणि ते योग्यच आहे. ग्रंथालयात मात्र तो रेंगाळतो. तेथे जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेले सहाव्या शतकातील गॉथिक भाषेचे बायबल काचेखाली ठेवलेले आहे. पहिल्यांदा तो आत गेला तो पाऊस चुकविण्यासाठी, असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. ती भाषा बोलणारे आज कोणी उरलेले नाही, हे कळल्यावर तो पुन्हा दोनदा गेला. एवढेच लिहून तो पुढे जातो.

आता ज्याला क्षुल्लक म्हटले गेले त्या मजकुराकडे वळू. फ्लोग्स्टा नावाच्या भागात विद्यार्थ्यांच्या उंच इमारती आहेत. एका मजल्यावर बारा खोल्या आणि बारा जणांत एक स्वयंपाकघर. रात्री दहाचा ठोका पडला की खिडक्या उघडून मुले मोठमोठ्याने ओरडतात, ही तेथील जुनी प्रथा. पहिल्या रात्री आमच्या विद्यार्थ्याला आग लागली असे वाटून तो पारपत्र घेऊन जिन्याकडे धावला. ही हकिगत विनोदी आहेच. परंतु त्याहून मोलाचे आहे ते धुण्याच्या खोलीचे वर्णन. इमारतीतील सर्व बिऱ्हाडांना एकच सामाईक धुण्याची खोली असते, तिची पाळी आगाऊ राखून ठेवावयाची असते, आणि पाळी चुकविणाऱ्यास किंवा यंत्राच्या जाळीत धाग्यांचा लगदा ठेवून जाणाऱ्यास कोणी तोंडावर बोलत नाही; दारावर चिठ्ठी चिकटवितात. चिठ्ठीची भाषा अत्यंत सभ्य आणि अत्यंत जहरी. आमच्याकडे नळावरचे भांडण पाच मिनिटांत पेटते आणि संध्याकाळी वाटीभर आमटीच्या देवाणघेवाणीत विझते. तेथे चिठ्ठी आठवडाभर दारावर राहते. स्वतःच्या नावे लागलेली चिठ्ठी वाचताना त्याला जे वाटले ते त्याने अडीच पाने लिहिले आहे, आणि त्यात एकही अलंकार नाही. एवढे स्वच्छ गद्य आमच्या शाळेत असताना त्याने कधी लिहिले नव्हते.

हिवाळ्याचे प्रकरणही असेच आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य नवाच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या सुमारास मावळतो. अंधाराबद्दल काव्य न करता, दुपारी तीनला दिवा लावताना आईची सांजवात आठवून वेळेचा हिशेब कसा चुकत असे, एवढेच तो सांगतो. १३ डिसेंबरच्या पहाटे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेतलेल्या लुसियेची मिरवणूक, एप्रिलच्या ३० तारखेस दुपारी तीन वाजता पांढऱ्या टोप्या घालून ग्रंथालयासमोर जमणारी हजारो मुले, यांचीही वर्णने आहेत. ती बरी आहेत. शिक्षकबंधूंना मात्र एका गोष्टीची मौज वाटेल : वेळापत्रकात दहाचा तास लिहिला असेल तर तो सव्वादहाला सुरू होतो आणि या पंधरा मिनिटांना विद्यापीठाची मान्यता असते. ही सवलत आमच्या शाळेत मुलांनी परंपरेने घेतलेलीच आहे.

हस्तलिखिताचा कस लागतो तो संबोधनाच्या प्रकरणात. पहिल्याच दिवशी मार्गदर्शक प्राध्यापिकाबाईंनी आपले पहिले नाव सांगितले आणि त्याच नावाने हाक मारण्यास सांगितले. साठीच्या घरातील विदुषी, आणि नुसते नाव! आमच्या विद्यार्थ्याने चार महिने त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. आमच्याकडील जुन्या पिढीतील स्त्रिया पतीचे नाव टाळून जशी वाक्ये रचीत, तशी वाक्ये तो इंग्रजीत रचू लागला. दाराशी उभा राहून खोकू लागला. स्वीडिश शिकू लागल्यावर त्याला कळले की हे असे नेहमीच नव्हते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तेथे समोरच्या प्रतिष्ठित मनुष्यास सर्वनामाने बोलविणे उद्धटपणाचे गणले जाई; ‘डॉक्टरांना कॉफी हवी आहे काय?’ असे खुद्द डॉक्टरांनाच तृतीयपुरुषात विचारीत. ‘नी’ हे आदरार्थी म्हणता येईल असे सर्वनाम होते, परंतु ते वरच्याने खालच्यास वापरावयाचे अशी त्याची ख्याती झालेली. १९६० नंतरच्या दशकात हा सारा डोलारा झपाट्याने कोसळला. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद या गृहस्थांनी शासकीय वैद्यक मंडळाची सूत्रे हाती घेताना आपण सर्व सहकाऱ्यांना ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार असे जाहीर केले, ही त्या बदलाची ठळक खूण मानली जाते. राजाला मात्र अद्यापि तृतीयपुरुषात संबोधण्याचा रिवाज आहे.

‘गुरुजींनी चहा घेतला का?’ असे आम्हांला आमच्याच तोंडावर विचारणारे पालक आजही आहेत. म्हणून या माहितीने आम्ही चकित झालो नाही; आम्हांस आपल्याच घरातील जुना वाडा परक्या गावात दिसला. प्रश्न लेखनाचा होता. प्राध्यापिकाबाईंशी झालेले संवाद मराठीत कसे लिहावयाचे? मुलाने पहिल्या काही पानांवर ‘आपण’ आणि ‘मॅडम’ लिहिले. पुढे, ज्या दिवशी तो प्रथमच धीर करून त्यांच्याशी स्वीडिशमध्ये बोलला, त्या दिवसापासून त्याने मराठीतही ‘तू’ लिहिले आहे. आम्ही वाचता वाचता तांबड्या शाईने तो ‘तू’ खोडला आणि समासात ‘आपण’ लिहिले. हात सवयीने गेला. प्रकरण संपल्यावर ध्यानात आले की आम्ही त्याच्या दोन वर्षांतील सर्वांत अवघड शब्द खोडला होता.

मराठीत ‘तू’ हा अनादराचाच शब्द आहे असे नाही. आईला आपण तू म्हणतो, विठ्ठलालाही तू म्हणतो. परंतु तो ‘तू’ जिव्हाळ्याचा आहे. स्वीडिश ‘डू’ जिव्हाळ्याचा नाही, अपमानाचाही नाही. बस-वाहक, मंत्री आणि प्राध्यापिका यांना सारखाच लागणारा तो एक सपाट शब्द आहे, आणि त्याला तोलेल असा शब्द मराठीत नाही. तेव्हा मुलाने लिहिलेला ‘तू’ राहू द्यावा आणि वाचकास थोडे अडखळू द्यावे, असे आमचे मत आहे. तो स्वतः चार महिने अडखळला होता.

दुसरे महत्त्वाचे प्रकरण फिनलंडचे. स्टॉकहोमहून रात्रीच्या जहाजाने तो फिनलंडमधील तुर्कू या जुन्या नगरीस गेला. स्वीडिश भाषेत या नगरीचे नाव ओबू. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते. आज स्वीडिश मातृभाषा असलेले लोक तेथे शेकडा पाचच्या आसपास आहेत, तरीही फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा आहेत. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक शेकडा आठ किंवा संख्येने तीन हजार असले की ती नगरपालिका द्वैभाषिक ठरते. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत. स्थानिक बहुसंख्यांची भाषा वर, दुसरी खाली. ज्या गावी स्वीडिश भाषिक अधिक, तेथे क्रम उलटा. तुर्कूमध्येच १९१८ मध्ये स्थापन झालेले स्वीडिश माध्यमाचे एक विद्यापीठही आहे.

बेळगावात वाढलेल्या मुलाला पाटी म्हणजे काय हे सांगावयास नको. घरी मराठी, गल्लीच्या तोंडाशी कानडी, वर्गात दोन्ही, अशा गावातून तो गेला होता. त्या पाटीखाली तो किती वेळ उभा राहिला हे त्याने मिनिटांत लिहिले आहे : वीस. नंतर नियम सांगितला आहे, आणि मग शेजारच्या खानावळीत घेतलेल्या मासळीच्या सारासंबंधी लिहिले आहे. येथे आपल्याकडील प्रश्नावर एक परिच्छेद जोडून घ्यावा, अशी सूचना समितीत आली. आम्ही तिला विरोध केला, आणि अजूनही करतो. आमच्या भागातील वाचक ते वीस मिनिटे वाचूनच थांबेल. लेखकाने पुढे काय म्हणावयास हवे होते हे सांगण्याचा मोह आम्हांसही झाला होता. आमच्या पिढीने या विषयावर व्याख्याने पुष्कळ दिली आहेत.

तथापि प्रशंसेच्या भरात दोन गोष्टी झाकून ठेवू नयेत. ‘हे लोक अबोल’, ‘हे लोक वक्तशीर’ अशी विधाने ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. ज्या स्वयंपाकघरात फीका नावाच्या कॉफीपानासाठी अकरा जण रोज जमतात आणि त्याच्या फोडणीच्या वासावरून वाद घालतात, त्यांना अबोल कसे म्हणावे? त्याचीच पाने त्याच्या विधानांना खोडून काढतात. दुसरी गोष्ट पैशाची. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये २०११ पासून शुल्क भरावे लागते. त्यापूर्वी शिक्षण निःशुल्क होते. या मुलाच्या वडिलांनी घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढले, हे आम्हांस ठाऊक आहे, कारण त्या वेळी दाखला आम्हीच दिला. हस्तलिखितात त्याचा उच्चार नाही. संकोचाने नसेल. परंतु गोडसे भटजींनी कर्ज लपविले नाही, म्हणून त्यांच्या दक्षिणेच्या प्रत्येक रुपयाला वजन आले. आमच्या विद्यार्थ्याने रानात मोफत वेचलेल्या तांबड्या लिंगोन फळांचे वर्णन केले आहे. तेथे परक्या जमिनीवरही हिंडण्याचा व रानफळे वेचण्याचा हक्क सर्वांना असतो. कर्जाचा आकडा आधी आला असता तर त्या फळांची चव वाचकाला निराळी लागली असती.

अगदी उत्तरेकडील किरुना गावाचे प्रकरण अपुरे आहे. लोखंडाच्या खाणीमुळे तेथील जमीन खचते, म्हणून गावच हलविले जात आहे. १९१२ मध्ये बांधलेले लाकडी चर्च त्याने जुन्या जागी, बर्फात, पाहिले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते चर्च अखंड उचलून सुमारे पाच किलोमीटर दूर नेण्यात आले. त्याने पाहिलेली जागा आता रिकामी आहे. या प्रकरणात त्याने भर घालावी, असे आम्ही त्यास कळविले आहे.

समितीपुढे आमची शिफारस अशी : कोपनहेगन, ऑस्लो व बर्गेन ही प्रकरणे वगळावीत. धुण्याची खोली, संबोधन आणि तुर्कूची पाटी ही तीन प्रकरणे या नियतकालिकाच्या पुढील अंकांतून क्रमाने द्यावीत, आणि त्यांतील ‘तू’ मुद्रितशोधकाने बदलू नये. कर्जाचे पान लिहावे की नाही हे मुलाने वडिलांना विचारून ठरवावे. हस्तलिखित सध्या आमच्याकडेच आहे. समासातील तांबड्या खुणा आम्ही शक्य तितक्या पुसल्या आहेत. ज्या पुसल्या गेल्या नाहीत, त्या ग्राह्य धरू नयेत.