‘टोळी’ हा शब्द कुणाचा? – ‘द व्हॅली ऑफ फिअर’ वाचताना

माझं पीएचडीचं काम रेडीच्या लोहखनिजावर आहे, त्यामुळे खाणींबद्दल काही दिसलं की मी वाचतो. सुट्टीत मालवणला घरी असताना आर्थर कॉनन डॉयलची ‘द व्हॅली ऑफ फिअर’ (१९१४-१५) वाचली. होम्सची कादंबरी, रंगतेच. पण संशोधन करणारा म्हणून खटकली. (पुढे शेवट फुटणार आहे, माफ करा!)

दुसऱ्या भागात अमेरिकेतल्या कोळशाच्या खोऱ्यात एक खुनी टोळी आहे आणि तिच्यात शिरलेला पिंकर्टनचा गुप्तहेर हा नायक. यामागची खरी घटना पेनसिल्व्हेनियातली. तिथल्या आयरिश खाणकामगारांवर ‘मॉली मग्वायर्स’ असा शिक्का बसला आणि १८७७ ते १८७९ मध्ये २० जणांना फाशी झाली.

डॉयलने काय गाळलं ते बघा. हेर नेमला तो रेल्वे कंपनीचा अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन याने, १८७३ मध्ये. पकडणारे पोलीस कंपन्यांच्या पगारावरचे. काही खटल्यांत सरकारी बाजूने वकील म्हणून स्वतः गोवेनच उभा! आणि खटले चालले ते १८७५ चा मोठा संप मोडून कामगार संघटना संपल्यावर. कादंबरीत मजुरीला, संपाला जवळजवळ जागाच नाही. म्हणून खून हा त्या माणसांचा स्वभावच वाटतो.

आपल्या भाषेत, सगळी रीडिंग्ज एकाच डिटेक्टरची, आणि तो डिटेक्टर कंपनीचा. इतिहासकार केविन केनी यांनीही १९९८ च्या पुस्तकात दाखवलंय की मॉलींचं स्वतःचं म्हणणं जवळपास उरलेलंच नाही.

म्हणून सगळे निर्दोष होते, असं नाही. खून खरेच झाले होते. पण फाशी गेलेल्या जॅक केहोला १९७९ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, गव्हर्नरने माफी दिली.

लांब कशाला, शेजारच्या गोव्यात आझाद गोमंतक दलाचे लोक पोर्तुगीज सरकारच्या लेखी दहशतवादी होते. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत, पण फाइल कोण लिहितो यावर शब्द ठरतो, हे दोन्हीकडे दिसतं.

मी काही फार शहाणा नाही. सिनॉप्सिसमध्ये एका गावाच्या खाणविरोधाला मी ‘स्थानिक अडथळा’ लिहिलं होतं. शब्द एका खाण-अहवालातून जसाच्या तसा उचललेला. गाइडनी एवढंच विचारलं, “अडथळा कुणाला?”

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही असा एखादा शब्द असेल. सबमिट करण्याआधी शोधा.