भगीरथाचं पुढं काय झालं?

मंडळी, वडवणीत दारूवर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, आता दारूबंदीचं भाषण होणार. तसं नाही. मला एका नाटकाविषयी बोलायचंय, आणि त्यातल्या अशा एका माणसाविषयी, ज्याचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांना चटकन आठवणार नाही.

नाटक 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले. त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. हुशार वकील सुधाकर, कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद सहा महिन्यांसाठी जाते. तो अपमान विसरायला तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. शेवटी पोर मरतं, सिंधू मरते आणि सुधाकर दारूत विष घालून पितो. शंभर वर्षं आपण त्या सिंधूसाठी रडतोय. तळीराम तर आपल्या बोलण्यात जाऊन बसलाय, पेपरात मथळासुद्धा 'तळीरामांचा धुडगूस' असा येतो.

आणि भगीरथ? प्रेमभंग झाला म्हणून दारूला लागलेला हा तरुण. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात तोही बसतो. रामलाल त्याला तिथून बाहेर काढतो, लोकांच्या कामाला लावतो, आणि तो दारू सोडतो. पुढं सुधाकरची बहीण शरद, ती बालविधवा आहे, तिचं आणि भगीरथाचं जमतं. रामलालच्या मनातही शरदविषयी ओढ निर्माण झालेली असते, पण तो स्वतःला आवरतो आणि दोघांची वाट मोकळी करतो.

आता बघा, नाटकाचं नाव काय सांगतं? पहिला पेला हातात घेण्याआधीच माणूस वाचू शकतो, एकदा घेतला की संपलं. सुधाकरच्या तोंडी हा सिद्धांत फार ताकदीनं येतो, आणि प्रेक्षक तोच घेऊन घरी जातात. पण त्याच नाटकात एक माणूस एक नाही, अनेक प्याले पिऊन परत आलाय! जगलाय, कामाला लागलाय, त्याला प्रेम मिळालंय. गडकऱ्यांनी स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा साक्षीदार स्वतःच उभा केला आणि मग त्याची साक्षच नीट घेतली नाही. माझी या नाटकाविषयीची तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

कारण भगीरथाची दारू सुटते कशी? रामलालच्या उपदेशानं. म्हणजे एका प्रवेशात तो पिणारा, पुढं सेवेला लागलेला. मधल्या रात्री कुठायत? हात थरथरणं, झोप न लागणं, जुना दोस्त रस्त्यात भेटणं, यातलं काहीच नाही. ज्यांच्या घरात कुणी दारू सोडलीय त्यांना ठाऊक आहे, की खरं नाटक तिथंच असतं. सुधाकरच्या पडण्याला गडकऱ्यांनी पाच अंक दिले, भगीरथाच्या उठण्याला जवळजवळ काहीच नाही.

गंमत म्हणजे सुटण्याचा खरा प्रवेश त्यांनी लिहिलाय, तो सुधाकरचा. सुधाकर मधे एकदा मनापासून दारू सोडतो. कामासाठी लोकांच्या दारी जातो. सगळे त्याच्याकडं दारुडा म्हणूनच बघतात, अपमान करतात. तो परत येतो आणि परत पितो. पहिल्या प्याल्यालाही अपमान, दुसऱ्यांदाही अपमान. माझ्या मते नाटकाचं मर्म इथं आहे. सुधाकरला प्रेम कमी पडलं का? सिंधूइतकं प्रेम कुणाच्या वाट्याला आलंय! पोलिसांपुढंसुद्धा ती खोटं बोलून त्याला वाचवते. प्रेम भरपूर आहे. नाही ते एकच, चार लोक आपल्याला हलकं समजतात हे माहीत असून त्यांच्यात वावरण्याची ताकद. स्वतःला स्वीकारणं म्हणतात ते फार गोड काही नसतं. मी पडलो होतो, लोकांना ते ठाऊक आहे, आणि तरी मी सकाळी उठून कामाला जाणार, एवढंच ते असतं. सुधाकरला ते जमत नाही. तो स्वतःला एकतर मोठा वकील म्हणून बघू शकतो, नाहीतर मेलेला म्हणून.

आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या जिवावर घेतलेली. नवऱ्यानं थळावर पिऊन खाडा केला, तर कोयता अर्धा होतो आणि फेडायची उचल तेवढीच राहते. इथल्या सिंधूला पदं म्हणत झिजायला वेळ नाही, तिला मोळ्या बांधायच्यात.

दारू सोडण्याला आपल्याकडं शब्द आहे, 'माळ घातली'. माझ्या एका चुलत्यानं घातली. गळ्यात तुळशीची माळ आली, गाव त्याला महाराज म्हणायला लागलं. पण चुलतीनं वर्षभर त्याच्या हातात बाजाराचे पैसे दिले नाहीत. पिशवी द्यायची, पैसे पोराकडं. चिडायचा तो, पण जायचा पिशवी घेऊन. तेव्हा मला चुलती कठोर वाटायची. आता वाटतं, सिंधूनं जे कधीच केलं नाही ते ती करत होती.

अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' मी याच नाटकाशेजारी ठेवून वाचतो. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात हे केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथं भगीरथ एकटा नाही. बरे झालेले कितीतरी जण तिथलेच कार्यकर्ते होतात, नव्यानं आलेल्याशेजारी बसतात. घसरले तर परत येतात, आणि परत येण्याची त्यांना लाज वाटू नये अशी सोय आहे. व्यसनमुक्तीचे वाढदिवस होतात. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. सिंधूला असं बसायला कुठं जागा होती? तिच्या माहेरच्यांनाही तिला त्या घरातून काढता आलं नाही.

अवचट साधं, गोष्ट सांगितल्यासारखं लिहितात. गडकऱ्यांच्या भाषेची झेप त्यांच्याकडं नाही, आणि त्यांनी ती कधी घ्यायचाही प्रयत्न केला नाही. पण दारू सुटल्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी मराठीत लिहायचं तर ही साधी भाषाच उपयोगाची, असं मला वाटतं. झेप पडणाऱ्या माणसाला शोभते.

एक राहिलं. शरद. दारू सोडलेला पुरुष आणि विधवा मुलगी, म्हणजे समाजाला नको असलेले दोघं एकमेकांना दिले, अशी सोय गडकऱ्यांनी केली असं कुणी म्हणेल. मी पूर्ण सहमत नाही, १९१९ साली विधवेला रंगभूमीवर पुन्हा सुखी होऊ देणं ही लहान गोष्ट नव्हती. पण शरदनं भावाच्या घरी दारूनं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. अशी मुलगी पूर्वी पिणाऱ्या माणसाला हो म्हणते. तिला रात्री काय वाटत असेल? तो उशिरा आला तर ती आधी त्याच्या तोंडाकडं बघत असेल, की त्याच्या तोंडाचा वास घेत असेल? हा प्रवेश कुणीतरी लिहायला हवा होता. इथं बसलेल्या बाया तो आत्ता तोंडी सांगू शकतील. मी थांबतो, माईक खाली पाठवा.