दूरचा नाच, शेजारचा नाच

नगर जिल्ह्यात मुलांना नाच शिकवणाऱ्या तरुणांची वानवा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एखाद्या गावात उतरले की सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गावातल्या पोराटोरांचा नाच बसवणे हा शिरस्ता जुनाच आहे. झोपडपट्टीतल्या बालभवनांत, आश्रमशाळांत, वसतिगृहांत सुट्टीच्या दिवशी येणारी कॉलेजची मुले-मुलीही हेच करतात. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, नाच बसवण्याची पद्धत मात्र आहे तशीच राहिली. ब्लूटूथचा स्पीकर, मोबाइलवरचा व्हिडिओ, पुढे उभी असलेली ताई आणि तिच्या पाठीकडे बघत हात हलवणारी मुलांची दाटी. आज भांगडा, उद्या गरबा, परवा बिहू.

यामागे एक गृहीत असते. परप्रांताचा नाच नाचला की परप्रांतातला माणूस कळतो, असे ते गृहीत. ते आले कुठून आणि नगरमध्ये कितपत खरे ठरते, हे कुणी फारसे तपासत नाही.

महाराष्ट्रात या कल्पनेचा उगम शोधायचा तर साने गुरुजींच्या आंतरभारतीपाशी आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकापाशी जावे लागते. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1941 मध्ये सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. पुढे कलापथक उभे राहिले. वसंत बापटांनी त्यासाठी लिहिले, लीलाधर हेगडे गायले, सुधा वर्दे यांनी नृत्ये बसवली. निळू फुले आणि राम नगरकर याच मुशीतून आले. ‘महाराष्ट्र दर्शन’ आणि ‘भारत दर्शन’ या कार्यक्रमांत नाचणारी पोरे-पोरी हौशी होती, पोटापाण्याचे दुसरे काहीतरी करणारी. पण त्यांच्या नाचाला मागे एक आधार होता. शाखेत एकत्र खेळायचे, शिबिरात एका पंगतीला जेवायचे, दौऱ्यात एकाच धर्मशाळेत पथारी टाकायची. ओळख व्हायची ती तिथे. नाच हे त्या ओळखीचे निमित्त होते. आजच्या स्वयंसेवकांनी निमित्त तेवढे उचलले.

सुधा आणि सदानंद वर्दे यांची कन्या झेलम परांजपे याच वातावरणात वाढल्या. त्यांनी केलुचरण महापात्र यांच्याकडे ओडिसीचे शिक्षण घेतले आणि 1989 मध्ये मुंबईत ‘स्मितालय’ सुरू केले. एका मराठी मुलीने ओडिशाचा नाच आपला करायचा तर काय पडते, याचा हा दाखला. एक गुरू, वर्षानुवर्षांचा रियाज आणि अर्धे आयुष्य. केंद्र सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशीच जुळवली गेली आहे. शाळांच्या कार्यक्रमात मात्र ओडिशा येतो तो तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर, भाड्याने आणलेल्या कपड्यांत, आणि जातो.

तीन मिनिटांत एक राज्य हा साचाही अचानक पडलेला नाही. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव 1953 पासून सुरू झाला. पंडित नेहरूंना त्याचे मोठे अप्रूप होते; आदिवासी कलाकारांबरोबर फेर धरलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. भारताच्या विविधतेतल्या एकतेवरचे त्यांचे पुस्तक 1942 ते 1945 या काळातल्या तुरुंगवासात, नगरच्याच भुईकोट किल्ल्यात लिहिले गेले, ही गोष्ट नगरकर पाहुण्यांना हमखास सांगतात. महोत्सवामागचा हेतू चांगला होता. पण रात्रभर चालणारा, पावसाशी, पिकाशी, देवाशी बांधलेला नाच परेडच्या घड्याळात बसवायचा म्हणजे त्याचे हातपाय छाटणे आलेच. प्रत्येक राज्याला एक पोशाख, एक ठेका, एक ओळखीची पोज मिळाली. पुढे शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने वासुदेव, गोंधळ, कोळीगीत, लावणी अशी मराठी मुलखाचीही एक क्रमवारी घराघरांत नेली. साबळ्यांचा जीव त्या मातीत होता, त्यामुळे त्यांच्या मंचावर ते जिवंत वाटे. शाळांच्या गॅदरिंगने फक्त क्रमवारी उचलली.

तरीही या तरुणांच्या कामाला मोडीत काढता येत नाही. नगरच्या चित्रा गल्लीतल्या वेश्यावस्तीत गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून 1989 मध्ये स्नेहालय उभे राहिले. पुढे एमआयडीसीतला मोठा परिसर, शाळा आणि शहराच्या वस्त्यांमधली बालभवने असा त्याचा विस्तार झाला. देशातले आणि परदेशातले स्वयंसेवक तिथे राहून गेले आहेत. अशा ठिकाणच्या मुलांना नाच काय देतो, हे एकदा तालीम पाहिली की कळते. ज्या मुलाने आपले अंग लपवायला शिकून घेतले आहे ते मूल दोन आठवड्यांत खांदे सरळ करून उभे राहते. नाव विचारले की मान खाली घालणारी मुलगी पुढच्या रांगेत जागा मागते. हे थोडे नाही. पण हा आत्मविश्वास झाला, सांस्कृतिक समज वेगळी, आणि शिबिरांच्या अहवालांत या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सर्रास कोंबलेल्या असतात.

समज कशाने येते, याचे एक उत्तर दूरवरच्या प्रयोगात सापडते. पियरे डुलेन या नृत्यशिक्षकाने न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये 1994 पासून जोडीने नाचायचे वर्ग सुरू केले आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या जन्मगावी, याफा इथे, ज्यू आणि पॅलेस्टिनी मुलांना एकमेकांचे जोडीदार करून शिकवले. ‘डान्सिंग इन जाफा’ हा 2013 चा माहितीपट त्यावर आहे. मुलांना तिथे समोरच्याची संस्कृती शिकवलेली नाही. दोघांनाही सारखाच परका असलेला बॉलरूम नाच शिकवला. अट एकच, समोरच्याचा हात धरायचा. आणि सगळी अडचण तिथेच आली. पालक बिथरले, मुले रडली, काहींनी बाहीत हात लपवून हात धरला.

नगरच्या तालमीत हात धरायचा प्रसंगच येत नाही. चार रांगा, तोंड प्रेक्षकांकडे, प्रत्येकाचे डोळे ताईवर. मुले आसामी होतात, पंजाबी होतात, पण शेजारच्या रांगेतल्या मुलाला शिवावे लागत नाही. खरे तर आपल्याकडे फुगडी आहे, फेर आहे, पालखीतली पावली आहे. हात, खांदा, कंबर धरल्याशिवाय जमत नाहीत असे कितीतरी प्रकार आहेत. फुगडीत तर हात सुटला की दोघी पडतात. हे प्रकार ‘साधे’ म्हणून तालमीतून वगळले जातात. ज्या जिल्ह्यातली सोनई आणि खर्डा ही गावे 2013 आणि 2014 मध्ये दलित तरुणांच्या हत्यांमुळे देशभर गाजली, तिथे कुणी कुणाचा हात धरायचा हा प्रश्न बिहूच्या पोशाखापेक्षा कितीतरी जवळचा आहे. स्वयंसेवकांना हे ठाऊक नसते असे नाही. दूरचा नाच सुरक्षित असतो, आसामातले कुणी गावात भांडायला येत नाही.

मग शेजारचा नाच कोणता?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-भंडारदऱ्याच्या डोंगरात ठाकर आणि महादेव कोळी वस्त्या आहेत. ठाकरांचा कांबड नाच हा तिथला खास प्रकार. तो आकड्यांवर चालत नाही. ढोलकी वाजवणाराच पुढारी असतो. तो वळला की रांग वळते, तो बसला की रांग बसते. नाचणाऱ्याने मोजायचे नसते, वाजवणाऱ्याकडे कान आणि डोळे लावायचे असतात. शहरातून आलेली तरुणी आश्रमशाळेत ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणते तेव्हा ती त्या मुलांना नवे काही देते आणि त्याच वेळी त्यांच्या अंगात असलेले काही बंद करते. हे टाळायला फार काही लागत नाही. वस्तीवरच्या ढोलकीवाल्याला बोलवायचे, एक संध्याकाळ त्याला शिकवू द्यायचे, आणि ताईने स्वतः रांगेत शेवटी उभे राहायचे. पाहुण्या तरुणीचे पाय चुकताना पाहून मुलांना जी मजा येते, तिला एकात्मतेच्या कुठल्याही भाषणाची सर येत नाही. पण वेळापत्रकात ‘प्रशिक्षक’ म्हणून छापलेले नाव सहसा शहरातल्याच कुणाचे असते.

लेझमीची गोष्ट निराळी. ती शाळेच्या कवायतीत शिरली, शिट्टीवर चालू लागली, ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ अशी तिची इयत्ता ठरली, आणि त्यामुळेच ती टिकली. मुलगे-मुली, सगळ्या जातीधर्मांची पोरे एकाच हलगीवर खेळतात. तिच्याकडे कुणी संस्कृती म्हणून पाहत नाही. 15 ऑगस्टची सोय म्हणून पाहतात. कदाचित म्हणूनच तिच्यावरून वाद होत नाहीत.

सगळ्यात अवघड जागा लावणीची आहे, आणि नगर जिल्ह्याला ती टाळता येत नाही. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली नामवंत स्त्री मानली जाते. महार समाजातली पवळा आणि ब्राह्मण घरातले पठ्ठे बापूराव यांची जोडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका बोर्डावर आली, तेव्हा तिकडे लोकांच्या झुंडी लोटल्या आणि इकडे समाजाने दोघांनाही बाहेर ठेवले. कांताबाई सातारकर संगमनेरला स्थायिक झाल्या, 2021 मध्ये तिथेच वारल्या. जामखेडच्या परिसरात आजही कला केंद्रे चालतात आणि त्यांत नाचणाऱ्या बायकांची मुले आसपासच्या शाळांत, वसतिगृहांत शिकतात. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये अशा घरातल्या मुलाच्या वाट्याला शाळेत काय येते ते 1994 मध्येच लिहून ठेवले आहे.

गॅदरिंगमध्ये लावणी हवीच असते. नऊवारी नेसवून, नथ घालून, डॉक्टरांची नाही तर शिक्षकांची मुलगी ती सादर करते, आईबाप मोबाइलवर चित्रीकरण करतात, शिट्ट्या पडतात. ज्या घरात चाळ खरोखर बांधले जातात त्या घरातल्या मुलीने मात्र पत्ता विचारला की दुसऱ्या गल्लीचे नाव सांगावे, अशी रीत. एकीला जे कौतुक ते दुसरीला कलंक, नाच तोच. म्हणून ‘आपली कला आपल्या मुलांना शिकवा’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. मुलीने या धंद्यात येऊ नये म्हणून जी आई नाचते, तिच्या मुलीला संस्कृतीच्या नावाखाली पुन्हा तोच पदर धरायला लावणे निर्दयपणाचे. तिला भरतनाट्यम किंवा हिपहॉप शिकवणारा स्वयंसेवक योग्यच करतो. शिकायची गरज दुसऱ्यांना आहे. नऊवारी नेसलेल्या त्या पहिल्या मुलीला, तिच्या पालकांना आणि नाच बसवणाऱ्या ताईला. लावणीची अदा शिकवताना ती कुणी, कुठे, कशासाठी घडवली हे दहा मिनिटे सांगणे आणि एखाद्या ज्येष्ठ तमाशा कलावंतिणीला पाहुणी म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवणे, एवढे कुठल्याही शाळेला परवडते. असे पाहुणे बोलावताना गावपुढारीच आठवतात.

परदेशी स्वयंसेवकांविषयी थोडक्यात. त्यांच्यावर ‘फोटो काढून जातात’ अशी टीका होते आणि काही वेळा ती खरीही असते. पण नगरला याचा वेगळाही इतिहास आहे. चेक्केटी पद्धतीच्या नामांकित बॅले शिक्षिका मार्गारेट क्रास्क दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेहेरबाबांच्या मंडळींबरोबर भारतात राहिल्या; अरणगावजवळचे मेहेराबाद त्या आश्रमजीवनाचे केंद्र. 1946 नंतर न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी नर्तकांच्या पिढ्या घडवल्या. त्या इथे शिकवायला आल्या नव्हत्या, शिष्य म्हणून आल्या होत्या. जामखेडच्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पातही, जो डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केला, बाहेरून आलेले पदवीधर गावातल्या अल्पशिक्षित आरोग्यसेविकांकडून शिकतात. आरोग्याच्या क्षेत्रात हा उलटा वर्ग पन्नास वर्षांपूर्वी मान्य झाला. नाचाच्या बाबतीत अजून व्हायचा आहे.

शेवटी प्रश्न वेळापत्रकाचा. शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात, कॉलेजांची शिबिरेही त्याच सुमारास. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली ऊसतोड कुटुंबे तेव्हा कारखान्यांवर गेलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे आजी-आजोबांजवळ राहिलेली मुले तालमीत असतात; आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, गेलेली मुले तालमीत नसतात. ज्या मुलांना गाव सर्वांत कमी ओळखते, तीच नेमकी रांगेत नाहीत. साखर कारखान्यांच्या तळांवर जाऊन शिकवणारे काही तरुण आहेत, पण तिथे अक्षरओळखीलाच वेळ पुरत नाही आणि ते समजण्यासारखे आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत भरते, रंगपंचमीला ऐन भरात असते. गोपाळ, कैकाडी, वैदू, कोल्हाटी अशा भटक्या जमाती देशभरातून तिथे येतात, पिढ्यानपिढ्या उड्या, दोरावरचे खेळ, ढोल आणि नाच यांवर जगलेली माणसे एकाच डोंगरावर जमतात. याच यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत असा ठराव 2025 मध्ये ग्रामसभेने केला आणि मोठा वाद झाला. म्हणजे शिकण्याचे साहित्य आणि समजुतीची निकड, दोन्ही एकाच ठिकाणी. पण ते दिवस मार्चमधले, दहावी-बारावीच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या धामधुमीतले. नाच शिकवणारी तरुण मंडळी तेव्हा अभ्यासिकेत असतात, आणि शिबिरांचे अहवाल फेब्रुवारीतच विद्यापीठाकडे रवाना झालेले असतात.