दऱ्यांचा दर्या

सिल्लोडमधल्या एखाद्या कवीनं स्वखर्चानं पुस्तक काढलं की ते तुम्हाला आधी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर दिसतं. बोटाच्या पेराएवढं मुखपृष्ठ. भेगाळलेली जमीन, एक वाळकं झाड, मागं लालभडक सूर्य आणि सोनेरी झळाळी दिलेलं शीर्षक. कवीचा फोटो मलपृष्ठभर. मी हसायला म्हणून सांगत नाहीये, यातली काही मुखपृष्ठं माझ्याच हातची आहेत. दिवसभर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा हात रात्री पुस्तकाला लागला, की पुस्तकही फ्लेक्ससारखं ओरडायला लागतं.

पण माझी तक्रार मुखपृष्ठाबद्दल नाही. त्यासाठी कवी शेजारी बसून तीन-तीन दिवस झाडाचा रंग बदलून घेतो. आतली पानं मात्र एका संध्याकाळी उरकतात. पुस्तक बिघडतं ते तिथं.

मजकूर बहुतेक वेळा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो युनिकोडमध्ये बदलला की ‘ऱ्य’ हमखास मार खातो. एका संग्रहात अजिंठ्याच्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ छापून आल्या. आमच्या तालुक्यात समुद्र आला आणि प्रकाशन समारंभापर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मराठी वळणाचे ल आणि श शासनानं 2009 च्या निर्णयात ठरवून दिलेत, तरी फॉन्ट निवडताना ते बघायची सवय आम्हाला नाही. वर दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून ओळी ताणायच्या. मग शब्दांमध्ये बैल जाईल एवढी फट पडते. गद्यात हे खपून जातं, पण कवितेत मोकळ्या जागेलाही अर्थ असतो.

हे मला ‘जेजुरी’नं शिकवलं. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले. त्यांचं हे इंग्रजी पुस्तक 1976 साली ‘क्लिअरिंग हाउस’नं काढलं. ही संस्था म्हणजे कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या चार कवींनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून मांडलेला डाव. त्या पुस्तकात ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्या-कोंबड्यांची एक कविता आहे. तिच्यातले शब्द पानावर खरोखर वर-खाली उड्या मारताना छापलेत. मांडणी काढली तर नाच जातो, आणि नाच गेला तर कविताच उरत नाही.

ते पान आमच्या दुकानात आलं असतं तर? मी ‘टायपिंगची चूक’ म्हणून सगळे शब्द डावीकडे सरळ केले असते. वर कवीकडून शाबासकीही घेतली असती.

ही कल्पना नाही. यासारखं मी केलेलं आहे. मिरचीच्या पैशातून संग्रह काढायला आलेले एक आबा होते. पानं होत होती 84. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे 80 पानांत पाच फर्मे बसतात. वरच्या चार पानांचा खर्च वाचवावा म्हणून मी चार लांब कविता दोन-दोन रकान्यांत बसवल्या. अरुंद रकान्यात ओळी जिथं मावेनात तिथं मोडल्या. आबांना मुखपृष्ठ दाखवलं, ते खूश झाले. आतलं त्यांनी तपासलं नाही, मीही आग्रह धरला नाही. 300 प्रती छापल्या.

काही महिन्यांनी ते एक प्रत घेऊन आले. मोडलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकापासून खालच्या ओळीपर्यंत त्यांनी निळ्या पेनानं एक बारीक कमान काढली होती.

“इथं थांबायचं नव्हतं रे बापू,” एवढंच म्हणाले.

घरात उरलेल्या सगळ्या प्रतींत ते अशा कमानी काढत बसले होते. रोज थोड्या थोड्या. त्यांनी पैसे मागितले असते तर मला सोपं गेलं असतं.

स्वप्रकाशित पुस्तकांना नावं ठेवणारे म्हणतात, संपादक नसतो म्हणून ती कच्ची राहतात. ते खरं आहे. पण ज्या पुस्तकाला संपादक नाही, त्याचा शेवटचा वाचक मांडणी करणारा असतो. मी तो मजकूर वाचलाच नव्हता, फक्त ओतला होता. त्या कविता कच्च्या होत्या की पक्क्या, हे कळायची सोयही मी ठेवली नाही.

आता काम घेताना मी कवीला दोन कविता मोठ्यानं वाचायला लावतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. तो श्वास घेतो तिथं ओळ संपली पाहिजे. लांब ओळ बसत नसेल तर अक्षर लहान करतो, नाहीतर पुस्तकाचा आकारच बदलायला सांगतो. पानं वाढली तर खर्च आधी तोंडावर सांगतो.

तुम्हालाही एक सांगतो. पुढचं मुखपृष्ठ स्टेटसवर दिसलं की त्या सूर्याला हसण्याआधी कवीकडून आतल्या एका पानाचा फोटो मागवा. पुस्तक कसं आहे ते त्या पानावर दिसेल.