‘एकूण’ या शब्दातील उणीव

पानशेतच्या तानाजीसागर जलाशयातील पाणी आंबी नदीतून खडकवासल्याला व तेथून पुण्याच्या नळांना येते. अशा खोल जलाशयाच्या तळाशी प्राणवायू संपला, की गाळातील लोह द्विसंयुजी होऊन विरघळते. तेच पाणी हवेत आले, की त्रिसंयुजी लोहाचा तांबूस साका बसतो. धातू एकच, वागणूक दोन प्रकारची. अहवालात आकडा मात्र एकच!

लोहाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. क्रोमियमच्या बाबतीत चालू नये. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी, तर षट्संयुजी कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) १९९१ साली लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा षट्संयुजी क्रोमियमला होती. २०१२च्या आवृत्तीत तोच आकडा ‘एकूण क्रोमियम’साठी आला. या बदलाला आधार आहे. क्लोरीनमुळे त्रिसंयुजी क्रोमियमचे षट्संयुजी होऊ शकते, तेव्हा दोन्ही मोजणे सावधपणाचे. पण कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा ०.०१ ठरवली. पाण्यात ०.०४ क्रोमियम असून ते सगळे षट्संयुजी असेल, तर ते तेथे चौपटीने नापास आणि आपल्याकडे उत्तीर्ण!

हा भेद ओळखणारी आयन क्रोमॅटोग्राफी १९७५ पासून उपलब्ध आहे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असते. स्तंभातील धनभारित रेझिन त्याला धरून ठेवते व इतर आयनांपासून वेगळे करून ठराविक वेळी सोडते. पुढे डायफेनिलकार्बाझाइड मिसळताच जांभळट लाल रंग येतो. त्याची तीव्रता ५३० नॅनोमीटरला मोजतात.

उपकरण महाग आहे, हा आक्षेप खरा. परंतु खरी अडचण बाटलीपासूनच सुरू होते. एकूण धातू मोजण्यासाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. आम्लात, सेंद्रिय पदार्थांच्या संगतीने, षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी होते. मग पुरावाच नाहीसा होतो. म्हणून एकूण क्रोमियम ०.०१च्या वर आढळले, तर दुसरा नमुना आम्लाविना, अल्कधर्मी बफर घालून घ्यावा, एवढी तरतूद मानकात हवी. त्याखालील पाण्याला ही तपासणी लागणारच नाही. खर्चही आवाक्यात राहील.

शिक्षकांनी नारिंगी पोटॅशिअम डायक्रोमेट आणि जांभळी क्रोम तुरटी यांचे द्राव बंद परीक्षानळ्यांत शेजारी ठेवावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : ‘एकूण क्रोमियम’ एवढेच सांगितले, तर यांतली कोणती नळी ओळखता येईल?